देवालय, कला आणि आपली मुले

गेल्या फाल्गुनात आमच्या देवस्थान समितीपुढे एक अर्ज आला. अर्ज करणारी मंडळी म्हणजे गावातील उच्च माध्यमिक विद्यालयाचे पंधरा-सोळा विद्यार्थी आणि त्यांच्या शिक्षिकाबाई. अर्जातील मागणी थोडक्यात अशी होती की, गावात गायन, चित्र आणि नाट्य या कला कोठून आल्या, कोणी वाढविल्या आणि आज त्यांचे काय उरले आहे, याचा शोध मुलांना घ्यावयाचा आहे. सबब त्यांपैकी एका तुकडीस आरत्या व सुवारीवादन ध्वनिमुद्रित करू द्यावे, दुसरीस भिंतीवरील व लाकडावरील चित्रांच्या प्रतिकृती काढू द्याव्यात, आणि तिसरीस या सर्वांचा एक लहानसा माहितीपट तयार करण्याची मुभा असावी.

अर्ज साधा होता; पण सभेत त्यावर दीड तास वाद झाला. देऊळ ही तमाशाची जागा आहे काय, असे एका वृद्ध सभासदांनी विचारले. दुसऱ्याने पावित्र्याचा प्रश्न काढला. तिसऱ्याने, हे ध्वनिमुद्रण उद्या कोणी विकले तर जबाबदार कोण, असा वकिली स्वरूपाचा प्रश्न माझ्याकडे पाहून टाकला. मी त्या दिवशी फारसे बोललो नाही. न बोलण्याचे खरे कारण मात्र सभेत सांगण्याजोगे नव्हते. ते या लेखात पुढे सांगणारच आहे. परंतु तत्पूर्वी, देऊळ आणि कला यांचा आपल्या भूमीत संबंध काय, याचा विचार इतिहासाच्या आधारे करणे अगत्याचे आहे. कारण सभासदांच्या सर्व आक्षेपांच्या मुळाशी एकच समजूत होती, की कला ही बाहेरची वस्तू असून ती मुले देवळात आणू पाहत आहेत. इतिहास याच्या नेमका उलट साक्ष देतो.

अन्य प्रांतांत काय घडले ते प्रथम पाहू. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी 1886 साली मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सोपविली आणि 1890 साली कलाभवन उघडले. त्र्यंबकेश्वरच्या ज्या तरुणाने 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणून हिंदी चित्रपटसृष्टीचा पाया घातला, त्या दादासाहेब फाळक्यांच्या शिक्षणात कलाभवनाचा वाटा आहे. ग्वाल्हेरीस माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने आणि पंडित भातखंडे यांच्या मार्गदर्शनाने 1918 साली संगीत विद्यालय निघाले. इंदुरास देवळालीकर मास्तरांच्या चित्रशाळेतून नारायण श्रीधर बेंद्रे आणि मकबूल फिदा हुसेन यांच्यासारखे चित्रकार बाहेर पडले. पुढे 1950 साली बडोद्याच्या विद्यापीठात ललितकला विभाग सुरू झाला तेव्हा हेच बेंद्रे तेथे शिक्षक म्हणून गेले. या सर्व ठिकाणी राजा होता, त्याची तिजोरी होती आणि शाळेच्या दारावर पाटी होती.

गोमंतकात असा राजा नव्हता. सत्ता होती ती परकीयांची, आणि तिला आमच्या आरतीशी व पालखीशी काही कर्तव्य नव्हते. सोळाव्या शतकात साष्टी, बारदेश व तिसवाडीतील देवळे पाडली गेली, तेव्हा भाविकांनी मूर्ती उचलून नदीपार नेल्या. कुशस्थळीचा मंगेश 1560 च्या सुमारास प्रियोळास आला; केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास स्थिरावली. अंत्रुज महाल पोर्तुगिजांच्या ताब्यात आला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. मधल्या दोनशे वर्षांत त्या डोंगरखोऱ्यांत देवळांची जी वसाहत उभी राहिली, तीच आमची राजधानी, तोच आमचा दरबार आणि तीच आमची कलाशाळा ठरली. पुढे नवी सत्ता तेथवर पोहोचली तरी देवळाचा चौक तिला बदलता आला नाही.

या शाळेचे वेळापत्रक पंचांगात असे. नवरात्रात मखर हलू लागले की कीर्तन, पालखी निघाली की वाजंत्री, शिगम्यात रोमट, जत्रेच्या रात्री दशावतारी काला किंवा गावकऱ्यांनीच बसविलेले मराठी नाटक. चवथीला घरोघरी माटोळी बांधण्यापासून मूर्तीला डोळे रंगविण्यापर्यंत सारे काम मुलांच्या डोळ्यांसमोर चाले. कोणी कोणास 'शिकवितो' असे म्हणत नसे. पण दहा वर्षांचा मुलगा घुमटावर हात मारू लागला म्हणजे शामेळ वाजविणारा काका त्याला डोळ्यानेच चूक दाखवीत असे. ज्याला परीक्षा म्हणावे ती सुवारीच्या वेळी, साऱ्या गावासमक्ष होई; तेथे कोणाची शिफारस चालत नसे.

या चौकातून काय निर्माण झाले त्याची मोजदाद करण्यास एका लेखाचा विस्तार अपुरा आहे. काही नावे मात्र पाहू, कारण माझा मुद्दा नावांशीच निगडित आहे.

केरीच्या केसरबाई, जन्म 1892. बालपणी कोल्हापुरास काही महिने अब्दुल करीम खाँसाहेबांपाशी, मग गोव्यात परतल्यावर रामकृष्णबुवा वझे यांच्यापाशी, आणि पुढे मुंबईस अल्लादिया खाँसाहेबांपाशी त्यांनी विद्या घेतली. 1977 साली अमेरिकेने अंतराळात 'व्हॉयेजर' याने सोडली, त्यांवरील सोनेरी तबकडीत पृथ्वीवरील निवडक संगीतात त्यांचे भैरवीतील गायन समाविष्ट आहे. पहिले 'व्हॉयेजर' 5 सप्टेंबरला निघाले आणि 16 सप्टेंबरला केसरबाईंनी देह ठेवला.

कुर्डीच्या मोगूबाई, जन्म 1904. पर्वतच्या चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळीत त्या लहानपणीच दाखल झाल्या. मंडळीचे नावच देवाचे होते, हे ध्यानात घ्यावे. आईचे छत्र बालवयातच हरपले. तरीही त्या मुलीने ज्या कष्टांनी अल्लादिया खाँसाहेबांची गायकी आत्मसात केली, त्याचे फळ त्यांच्या कन्या किशोरीताईंच्या रूपाने साऱ्या देशाने अनुभविले. त्याच पर्वताच्या परिसरातील खाप्रूमामा, ज्यांना लयभास्कर म्हणत. पेडण्याकडील मालप्याच्या अंजनीबाई, जन्म 1883. संगीत नाटक अकादमीचे सर्वोच्च सदस्यत्व त्यांना 1958 साली मिळाले, आणि बेळगावनजीकच्या सुळेभावीचे कुमार गंधर्व हे त्यांच्याकडे मार्गदर्शनासाठी बसले होते. मंगेशीचे दीनानाथ, जन्म 1900. 1918 साली त्यांनी सहकाऱ्यांसह बळवंत संगीत मंडळी स्थापिली आणि 1934 साली 'कृष्णार्जुन युद्ध' हा बोलपट काढून नाटकाच्या रंगमंचावरून चित्रपटाच्या पडद्यावर पाऊल टाकले. त्यांच्या ज्येष्ठ कन्येचा जन्म 1929 साली इंदुरास झाला. तिचे नाव सांगण्याची आवश्यकता नाही. त्याच साली मंगेशीतच अभिषेक्यांच्या घरी जितेंद्र जन्मले, ज्यांनी पुढे मराठी नाट्यसंगीताला नवे वळण दिले.

आता वाचकांनी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. केरकर, कुर्डीकर, मालपेकर, पर्वतकर, मंगेशकर. ही आडनावे नव्हेत, हे गावांचे पत्ते आहेत. आणि शेवटचा पत्ता तर साक्षात देवाचा आहे. या कलावंतांनी वडिलांचे कुलनाम लावले नाही. त्यांतील अनेकींना ते लावण्याचा अधिकार समाजाने दिलाही नव्हता. त्यांनी गावाचे नाव लावले, आणि ते मुंबई, कोल्हापूर, कलकत्त्यापर्यंत आणि अखेर सूर्यमालेच्या बाहेर नेले. गावाने त्यांचे नाव कोठे लावले, हा आता माझा प्रश्न आहे.

आमच्या सभामंडपात संगमरवरी फरशा आहेत आणि त्यांवर देणगीदारांची नावे कोरलेली आहेत. कोणी खांब दिला, कोणी घंटा, कोणी पंखा. पंखा देणाऱ्याचे नाव वाचता येते. परंतु ज्या स्त्रियांनी पिढ्यान् पिढ्या पालखीपुढे गायनसेवा केली, त्यांतील एकीचेही नाव त्या मंडपात नाही. पोर्तुगीज अमदानीतील 1886 व 1933 सालच्या नियमांनी देवस्थानचे महाजन कोण व व्यवस्था कोणी पाहावयाची हे बारकाईने ठरविले. तो कायद्याचा भाग मी व्यवसायाच्या निमित्ताने अनेकदा वाचला आहे. हक्क कोणाचा हे त्यात आहे. कला कोणाची हे विचारण्याची गरज कोणास भासली नाही.

या मौनामागील कारण आपण सारे जाणतो, आणि ते सभ्य शब्दांत झाकून ठेवण्यात अर्थ नाही. कलावंत घराण्यांना आपण गाण्यासाठी देवळात बोलाविले आणि पंक्तीसाठी बाहेर बसविले. त्यांची विद्या पवित्र मानली, त्यांचे जीवन अपवित्र ठरविले. त्यांच्या मुलांना शाळेत बसताना काय सोसावे लागले, हे राजाराम पैंगीणकर यांनी आपल्या आत्मकथनात निर्भीडपणे लिहून ठेवले आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या समाजाने स्वतःच संघटित होऊन शिक्षणाची कास धरली, अन्यायकारक प्रथा मोडल्या, गोमंतक मराठा समाज हे स्वाभिमानाचे नाव धारण केले. आणि मुक्तीनंतर डिसेंबर 1963 मध्ये गोव्याचे पहिले मुख्यमंत्री म्हणून दयानंद बांदोडकर यांनी सूत्रे घेतली तेव्हा त्या समाजातील पुत्रानेच खेडोपाडी शाळा उघडल्या. ज्यांना शाळेच्या दारात अडविले, त्यांनी सर्वांसाठी शाळा बांधल्या. याहून मोठे उत्तर इतिहासात क्वचितच कोणी कोणास दिले असेल.

आणि नाव पुसले जाण्याची ही रीत केवळ देवळाची नव्हे, हेही न्यायबुद्धीने नमूद केले पाहिजे. 1949 साली 'महल' या चित्रपटातील सर्वांत गाजलेल्या गीताची तबकडी निघाली, तेव्हा तिच्यावर गायिकेचे नाव 'कामिनी' असे छापले होते. ते चित्रपटातील पात्राचे नाव! गाणारी लता मंगेशकर कोण, हे श्रोत्यांना विचारून काढावे लागले. पुढे कायद्याची दृष्टी सुधारली. 1957 च्या प्रताधिकार कायद्याने कर्त्याला आपल्या कृतीवर नाव सांगण्याचा स्वतंत्र हक्क दिला. कृती विकली तरी तो हक्क विकला जात नाही. गायक-वादकांनाही असा हक्क मिळाला तो मात्र 2012 च्या दुरुस्तीने. कायद्याला जे समजण्यास इतका काळ लागला, ते देवळाला समजण्यास आणखी किती लागावा?

आता चित्रकलेकडे वळतो, आणि येथेच मला माझा कबुलीजबाब द्यावयाचा आहे.

आमच्या किनारपट्टीच्या देवळांत आणि जुन्या घरांत कावीचे काम असे. शिंपल्यांचा चुना भाजून, मळून, मुरवून भिंतीला पांढरा गिलावा देत. त्यावर तांबडी काव मिसळलेल्या चुन्याचा पातळ लेप चढवीत. आणि तो लेप ओला आहे तोवरच लोखंडी कंट्याने खरवडून आतील पांढरा थर उघडा पाडीत. तांबड्यावर पांढऱ्या रेषेने वेली, हंस, गजलक्ष्मी, दशावतार उमटत. ओला लेप वाळण्याच्या आत हात चालला पाहिजे, चूक झाली तर पुसता येत नाही. म्हणजे हेही एक प्रकारचे गायनच. पेडण्यापासून होन्नावर-भटकळपर्यंत ही कला पसरली होती. होन्नावरचे डॉ. कृष्णानंद कामत यांनी आयुष्यातील कितीतरी काळ वेचून तिची छायाचित्रे व नोंदी करून ठेवल्या, म्हणून आज तिच्याविषयी काही बोलता येते. बांदोड्याच्या महालक्ष्मीच्या सभामंडपात विष्णुरूपांच्या लाकडी प्रतिमांची ओळ आजही पाहावयास मिळते. कुंकळ्ळीच्या चितारी मंडळींचे लाखकाम अद्याप जिवंत आहे. पण कावीची भिंत ही भिंत असते. ती कोणी काढून कपाटात ठेवू शकत नाही. आणि तिला ओल आली की जीर्णोद्धार समितीला ती डोळ्यांत खुपू लागते.

बारा-तेरा वर्षांपूर्वी आमच्या देवळाच्या प्रदक्षिणामार्गातील अशीच एक भिंत खराब झाली होती. तिच्यावर कावीची चित्रे होती. अर्धी झिजलेली, पण अर्धी स्पष्ट. एका भाविकाने चकचकीत फरशा देऊ केल्या. ठरावाचा मसुदा मी लिहिला. 'भिंतीची दुरुस्ती व सुशोभन' असे शब्द माझेच आहेत. चित्रे काढणारा कोण होता, ती किती वर्षांची होती, त्यांचे निदान छायाचित्र तरी घ्यावे काय, असा एकही प्रश्न मी विचारला नाही. दोन दिवसांत गवंड्याने भिंत खरवडली. कंट्याने खरवडून निर्माण झालेली वस्तू छिन्नीने खरवडून गेली. आज तेथे गुळगुळीत फरशी आहे आणि तिच्यावर देणगीदाराचे नाव आहे. विद्यार्थ्यांच्या अर्जात 'भिंतीवरील चित्रे' हे शब्द वाचले तेव्हा मी का बोललो नाही, हे आता वाचकांच्या ध्यानी येईल. मुले जी भिंत मागत होती ती मीच पुसली होती.

राहिला चित्रपट. देवळात चित्रीकरण म्हटले की आपण बिचकतो. परंतु आठवणीचे रक्षण करण्यास या साधनाइतके समर्थ साधन दुसरे नाही, हे कुर्डी गावच्या कथेवरून पटावे. मोगूबाईंचे हे गाव 1980 च्या दशकात साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. तेथील महादेवाचे प्राचीन मंदिर दगड न् दगड सोडवून दुसऱ्या जागी पुन्हा उभारण्यात आले. पण घरे, वाटा, वृंदावने बुडाली. दरवर्षी उन्हाळ्यात पाणी ओसरले की काही दिवस गाव वर येते. विखुरलेले गावकरी त्या सुमारास सोमेश्वराच्या देवळापाशी जमतात, उत्सव करतात आणि पाऊस आला की पुन्हा गाव पाण्याच्या हवाली करतात. या गावावर माहितीपट झाला आहे. ज्याने कुर्डी कधी पाहिली नाही, त्यालाही तो पाहून त्या मातीचा ओलावा कळतो. आपली देवळे सुदैवाने पाण्याखाली नाहीत. पण विस्मरणाखाली बुडालेले गाव कोणत्याही उन्हाळ्यात वर येत नाही.

हे साधन गोमंतकीयांना नवखेही नाही. पहिला कोंकणी बोलपट 'मोगाचो आंवडो' जेरी ब्रागांझा यांनी 1950 साली आणला. मुक्तीनंतर 1970 साली कला अकादमी व 1972 साली कला महाविद्यालय निघाले. त्याच महाविद्यालयाचे प्राचार्यपद पुढे मडगावचे लक्ष्मण पै यांनी भूषविले, ज्यांनी रागांचे भाव रंगांत उतरविण्याचा ध्यास घेतला होता. 2004 पासून आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवही पणजीस भरतो. तेव्हा शिक्षणाची सोय नाही, अशी तक्रार आजच्या मुलांना करता येणार नाही. उणीव आहे ती दुसरीच. विद्यालयात ते कला शिकतात, पण ती आपल्याच अंगणातील आहे हे त्यांना कोणी सांगत नाही. घराणी पाठ होतात, घर ठाऊक नसते.

आक्षेपांचा विचार करू. पावित्र्याचा आक्षेप खरा आहे आणि तो मी मानतो. गर्भगृहात यंत्र नेऊ नये, पूजेच्या वेळी कोणी मध्ये येऊ नये, भाविकाचा चेहरा त्याच्या संमतीविना टिपू नये. हे नियम घालावेत आणि मुले ते पाळतात. विक्रीच्या भीतीला उत्तर लेखी करारात आहे. परंतु परंपरा बदलेल ही जी तिसरी भीती, तिला इतिहासच उत्तर देतो. घुमटाला पूर्वी घोरपडीचे कातडे मढवीत; 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्या प्राण्यास संरक्षण मिळाले, आणि आज बकऱ्याच्या कातड्याचे घुमट वाजते. नाद किंचित बदलला, आरती थांबली नाही. उलट 2019 साली घुमटाला राज्याचे वारसावाद्य म्हणून मान मिळाला. जी परंपरा कातडे बदलून जगते, ती मुलांच्या वह्यांनी आणि यंत्रांनी मरणार नाही.

शेवटी समितीने अर्ज मंजूर केला. तीन अटींवर, आणि मी सुचविलेल्या एका पुरवणीसह. मुले कामाला लागली. ज्या वाड्यावर आमच्यातील कोणी सहसा पाऊल ठेवीत नाही, तेथे ती गेली आणि एका अतिवृद्ध बाईपाशी बसली. त्यांच्या आजी पालखीपुढे गात असत. बाईंनी दोन जुनी पदे म्हणून दाखविली, सूर डळमळत होता पण ताल सुटत नव्हता, असे मुलांनी सांगितले. मग बाईंनी विचारले, "देवळांत आमचें नांव खंय बरयलां?" मुलांपाशी उत्तर नव्हते. त्यांनी तो प्रश्न जसाच्या तसा ध्वनिमुद्रित करून समितीपुढे ऐकविला. त्या सभेत मात्र कोणी वाद घातला नाही.

माझी पुरवणी एवढीच होती: ज्यांची नावे मुलांना सापडतील, त्या गायिका, वादक, चितारी, मूर्तिकार आणि नट यांची एक पाटी सभामंडपात लावावी, देणगीदारांच्या पाटीइतकीच मोठी. आजवर एकोणीस नावे मिळाली आहेत. गेलेल्या भिंतीवरील चित्रकाराचे नाव अद्याप मिळालेले नाही, आणि ते मिळेल असे मला वाटत नाही. त्याच्यासाठी पाटीवर एक ओळ कोरी ठेवावी, अशी विनंती मी केली आहे. ती ओळ त्याच्या स्मरणार्थ आहेच. पण सभामंडपात शिरताना ती माझ्याही नजरेस पडावी, असा माझा हेतू आहे.

आपापल्या गावच्या देवस्थान समितीपुढे असा अर्ज आला, तर वाचकांनी त्याला उशीर लावू नये. भिंत वाट पाहत नाही, आणि वृद्ध गळा तर मुळीच नाही.